डिझायनरला सुचतं कुठून, आणि कपडा टिकतो कशामुळे

कुठल्याही फॅशन डिझायनरला विचारा की बाबा तुला हे सुचलं कुठून, उत्तर साधारण ठरलेलं येतं. निसर्ग, प्रवास, जुन्या इमारती, जुने फोटो, नाहीतर रस्त्यावरची माणसं. खोटं नसतं ते, पण त्यातून आपल्याला कळत काहीच नाही, कारण फूल सगळ्यांनाच दिसतं, पण ते बघून एकजण कापडावर फूल छापतो आणि दुसरा पाकळ्या एकावर एक कशा बसल्यात ते बघून बाही कापतो, आणि मुलाखतीत दोघंही "निसर्ग" असंच सांगतात. मला विचाराल तर आयडिया कुठून आली यापेक्षा ती कपड्यात कुठे जाऊन बसली ते बघावं. वरवर राहिली की कापण्या-शिवण्यात उतरली? कपडा किती वर्षं घातला जाणार याचा बराचसा निकाल तिथेच लागतो.

याचं मस्त उदाहरण म्हणजे फ्रेंच डिझायनर इव्ह सां लोराँचा १९६५ चा तो फेमस मोंद्रियान ड्रेस. पांढरे, लाल, निळे, पिवळे चौकोन आणि मधे जाड काळ्या पट्ट्या, डच चित्रकार पीत मोंद्रियानच्या चित्रांवरून घेतलेल्या. फोटो बघून वाटतं, काय केलं, चित्र उचललं आणि कापडावर छापलं. पण तो छापलेला नाहीच. वूल जर्सीचा एकेक चौकोन वेगळा कापून जोडलाय, आणि अंगाला आकार द्यायला जे टक्स घालावे लागतात ते वेगळे न दाखवता त्या पट्ट्यांच्या शिवणींमध्येच जिरवून टाकलेत, त्यामुळे समोरून एकदम सपाट चित्र दिसतं आणि घातल्यावर मात्र अंगावर नीट बसतं. त्या ड्रेसच्या ढीगभर नकला निघाल्या. पट्ट्या कोणालाही उचलता येतात हो, शिवणीतली अक्कल उचलायला ड्रेस उलटा करून बघावा लागतो.

आता वरवरची आयडिया म्हणजे वाईटच असं अजिबात नाही. एल्सा स्कियापारेल्लीने १९३७ मध्ये चित्रकार साल्वादोर दालीच्या मदतीने पांढऱ्या ड्रेसवर मोठाच्या मोठा लाल लॉब्स्टर काढला होता, आजही लोक तो बघायला म्युझियममध्ये जातात. पण तो बघायचा ड्रेस आहे. रोज घालून ऑफिसला जायचं म्हटलं तर चौथ्या दिवशी सगळे म्हणणार, आला बघा लॉब्स्टर. प्रिंटचं हे असं असतं, जितकं लक्षात राहणारं तितकं लवकर कंटाळवाणं होतं.

म्हणूनच मुरलेले डिझायनर जुने कपडे बघायला जातात तेव्हा आधी आतली बाजू बघतात. मोठ्या म्युझियमची अभ्यासाची दालनं असतात तिथे अपॉइंटमेंट घेऊन शंभर वर्षांपूर्वीचे कपडे टेबलावर मांडून बघता येतात. कुठे शिवण घेतलीय, बगलेत चौकोनी तुकडा का जोडलाय, अस्तर कशाने धरलंय, घेराला वजन कुठून आलं. शनेलच्या जॅकेटचं उदाहरण घ्या, खालच्या कडेला आतून एक बारीक साखळी शिवलेली असते, ती शोभेची नाही, तिच्या वजनाने जॅकेट सरळ खाली पडतं आणि हात वर केला तरी परत जागेवर येतं. फोटोत ही साखळी कधी दिसत नाही.

एकच प्रेरणा दोन डोक्यांत काय वेगळी होते ते बघायचं असेल तर ग्रीक पुतळ्यांच्या अंगावरचे चुण्याचुण्यांचे कपडे घ्या. मारियानो फोर्तुनीने १९०७ च्या आसपास त्यावरून बारीक चुण्यांचा रेशमी डेल्फॉस गाऊन केला, नाव डेल्फीच्या प्रसिद्ध ब्राँझ सारथ्यावरून, आणि चुण्यांच्या पद्धतीचं १९०९ मध्ये पेटंटही घेतलं. हा गाऊन हँगरला लावून ठेवायचाच नाही, पीळ घालून गुंडाळी करून छोट्या डब्यात ठेवायचा म्हणजे चुण्या तशाच राहतात. त्याच ग्रीक कलेकडे बघून मादलेन व्हिओने वेगळ्याच ठिकाणी पोचली. तिला त्या दगडी कपड्यांत दिसलं ते कापडाचं पडणं. ती कागदावर स्केच करण्यापेक्षा लहानशा लाकडी बाहुलीवर कापड गुंडाळून बघायची आणि कापड उरेब कापायची. उरेब म्हणजे उभ्या धाग्याच्या रेषेत न कापता तिरकं, ४५ अंशात. विणलेलं कापड उभं-आडवं ओढलं तर फारसं ताणत नाही पण तिरकं ओढा, लगेच लवतं, कारण धागे ताणले न जाताच एकमेकांवर सरकतात. ती हा गुण वापरून असे ड्रेस करायची जे अंगाबरोबर वळतात. अर्थात उरेब कापायला कापड खूप लागतं, त्यासाठी ती नेहमीपेक्षा जास्त पन्ह्याचं कापड खास विणून घ्यायची.

आणि मग जपानी डिझायनर इस्से मियाके. १९९३ मध्ये त्याची प्लीट्स प्लीज ही लाईन आली, आणि त्यात उलटाच उद्योग केलेला, आधी चुण्या घालून मग शिवायचं ही नेहमीची रीत सोडून कपडा अडीच-तीन पट मोठा शिवायचा आणि मग कागदांच्या मधे ठेवून गरम प्रेसमधून काढायचा. कापड पॉलिएस्टरचं. पॉलिएस्टर गरम असताना जो आकार देऊ तो गार झाल्यावर धरून ठेवतं, त्यामुळे त्या चुण्या धुऊनही जात नाहीत, इस्त्री नको, बॅगेत कोंबा. फ्रँकफर्टच्या बॅले नर्तकांसाठी कपडे करताना त्याला हे किती मोकळं आहे ते दिसलं होतं. फोर्तुनीचा गाऊन जपावा लागतो आणि मियाकेचा कसाही वापरता येतो, दोन्ही सुंदर आहेत, पण "टिकणारा कपडा" म्हटल्यावर मला मियाके आठवतो, कारण घालणाऱ्याच्या रोजच्या कटकटीचा विचार त्याने आधीच केलेला होता.

प्रेरणेचा अजून एक मोठा साठा म्हणजे कामाचे कपडे, आणि माझ्या मते हा सगळ्यात कमी लेखला जाणारा. अमेरिकेत नेवाडातल्या रिनो गावात जेकब डेव्हिस नावाचा शिंपी होता, मजुरांच्या पँटचे खिसे कोपऱ्यात फाटतात म्हणून त्याने तिथे तांब्याचे रिव्हेट, म्हणजे छोटे खिळे ठोकले, आणि कापडाचा व्यापारी लिव्हाय स्ट्राऊसबरोबर २० मे १८७३ ला पेटंट घेतलं. ताण जिथे येतो तिथेच मजबुती, बाकी कपडा हलका. थॉमस बरबेरीचं गॅबर्डिन १८७९ चं, त्यात आधी सुतालाच पाणी न धरणारं बनवलं आणि मग घट्ट विणलं, म्हणून कापड पावसात चाललं आणि अंगाला हवाही लागली. क्लेअर मॅकार्डेलचा १९४२ चा पॉपओव्हर ड्रेस घरातलं काम करता करता घालायचा, डेनिमचा, गुंडाळून बांधायचा, मोठा खिसा. या लोकांनी आधी गरज बघितली, दिसणं मागून आलं. आणि गंमत म्हणजे इतक्या वर्षांनीही जुनं दिसत नाही ते हेच सगळं.

मार्टिन मार्जिएलाने १९९१ मध्ये लष्करी मोज्यांचा स्वेटर केला होता. ऐकायला थट्टा वाटते. पण मोज्याची टाच आधीच वाकलेल्या आकारात विणलेली असते ना, ती त्याने बरोब्बर कोपरावर आणि छातीवर आणली, म्हणजे आकार फुकटात तयार मिळाला!

बरं, सुचलं. पुढे काय होतं? चित्रावरून पॅटर्न निघतो म्हणजे कागदावरचे सपाट तुकडे, त्यावरून साध्या कोऱ्या सुती कापडात एक नमुना शिवतात, तो कोणाच्या तरी अंगावर घालून पिना लावत, खडूने खुणा करत, उसवत, परत शिवत बसतात. हे काम कोणी इन्स्टावर टाकत नाही कारण त्यात बघण्यासारखं काही नाही. पण बगलेचा काप किती खोल हे इथेच ठरतं. लोकांना वाटतं बगल सैल आणि खाली असली की हात मोकळा हलतो, होतं उलटं, बगल खाली असली की हात वर केला की आख्खा कोट वर ओढला जातो आणि ताण खांद्याच्या शिवणीवर येतो, नीट वर आणि अंगाजवळ कापलेली बगल असेल तर हात एकटाच हलतो. अलेक्झांडर मॅक्वीनचे शो कितीही वेडेवाकडे असले तरी कट धारदार असायचे, कारण पोरगा शाळा सोडून लंडनच्या सॅव्हिल रोवर शिंप्यांकडे उमेदवारी करून आलेला.

आता टिकण्याकडे येऊ, आणि इथे अगदी तंतूपासून सुरुवात करावी लागते.

साध्या कापसाचा एक तंतू साधारण २५ ते ३० मिलिमीटर लांब असतो, लांब धाग्याचा म्हणतात त्या कापसाचा ३५ किंवा जास्त. सूत कातणं म्हणजे असे असंख्य आखूड तंतू पीळ घालून एकमेकांना धरायला लावणं, गोंद नाही, गाठ नाही, नुसतं घर्षण. तंतू लांब असला की पकड जास्त आणि मोकळी टोकं कमी. आखूड असला की टोकंच टोकं, ती घासून घासून बाहेर येतात, आपसात गुंततात आणि स्वेटरला, टी-शर्टला ते वैताग आणणारे गोळे येतात. पुढची भानगड तर अजून मजेशीर आहे, सुती कपड्यावरचे गोळे बऱ्याचदा आपोआप गळून जातात कारण त्यांना धरून ठेवणारा तंतूच तुटतो, पण पॉलिएस्टर मिक्स असेल तर तो चिवट तंतू गोळ्याला सोडतच नाही. म्हणजे कपडा फाटत नाही, फक्त दिसायला भिकार होतो. लेबलवर "१०० टक्के कॉटन" वाचून म्हणूनच फार काही कळत नाही, कॉटन कुठलं, सूत एकपदरी की दोन पदरी, पीळ किती, हे लेबल सांगत नाही. दोन पदरी सुतात दोन धागे एकमेकांभोवती वळलेले असतात, एकाची कमजोर जागा दुसरा सांभाळून घेतो.

लॅबमध्ये हे मोजायला मार्टिंडेल नावाचं मशीन असतं, कापडाचा गोल तुकडा घेऊन ठरावीक दाबाने दुसऱ्या कापडावर घासत राहायचं आणि किती फेऱ्यांनी धागे तुटतात ते बघायचं. गोळ्यांना ५ ते १ असा ग्रेड देतात, ५ म्हणजे कापड जसंच्या तसं.

दुकानात सगळ्यात जास्त फसवणारी गोष्ट म्हणजे मऊपणा. नवाकोरा टी-शर्ट हातात लोण्यासारखा लागतो म्हणून आपण घेतो, पण तो मऊपणा बऱ्याचदा सिलिकॉनच्या फिनिशचा असतो जो काही धुण्यांत निघून जातो, किंवा एन्झाइम लावून सुताच्या वरची लव खाऊन टाकलेली असते, आणि लवीबरोबर थोडी ताकदही गेलेली असते. जुनाट दिसणाऱ्या जीन्सचं तसंच, दगडांबरोबर घोळवून, घासून, तिचं निम्मं आयुष्य फॅक्टरीतच वापरून झालेलं असतं आणि आपण ते पैसे देऊन विकत घेतो. जाड कापड म्हणजे टिकाऊ हाही अर्धवट समज आहे, जाड पण सैल विणलेलं असेल तर ओढलं जातं. कापड उजेडाकडे धरून बघा, किती आरपार दिसतं आणि सारखं दिसतं का.

स्ट्रेच कपड्यांबद्दल थोडक्यात सांगायचं तर त्यातला इलॅस्टेन, म्हणजे ताणला जाणारा तंतू, उष्णतेने आणि क्लोरीनने खराब होतो. तो गेला की गुडघ्यावर फुगा राहतो आणि त्याला रफू नाही.

शिवण हा माझा आवडता विषय. शिवणयंत्राचे दोन मुख्य टाके, एकात वरचा आणि बॉबिनचा असे दोन धागे कापडाच्या मधे एकमेकांत अडकतात, तो सहज उसवत नाही पण फारसा ताणतही नाही. दुसरा साखळी टाका, हा ताणला तरी चालतो म्हणून निटच्या, म्हणजे टी-शर्टसारख्या फासे घालून विणलेल्या कपड्यांना आणि जीन्सला बरा, फक्त शेवट नीट बंद केला नसेल तर एक धागा ओढल्यावर सरसर सुटत जातो. टाके जितके जवळ तितकं मजबूत असं सरळ गणित नाही, फार जवळ मारले की सुईच्या भोकांनी कापडच कमजोर होतं आणि बरोबर टिपेवर फाटतं. जीन्सच्या पायाला किंवा चांगल्या शर्टच्या बाजूला आतून बघा, दोन्ही कडा एकमेकींत दुमडून वरून दोन टिपा मारलेल्या असतील, कापडाची कापलेली कड कुठेच उघडी नाही, सुटायला काही शिल्लकच ठेवलेलं नाही. स्वस्तात करायचं तर नुसतं ओव्हरलॉक मारून, म्हणजे उघड्या कडेवर धागा गुंडाळून, मोकळं होतात.

टी-शर्टची बाजूची शिवण धुतल्यावर फिरून पोटावर येते, हे बघितलंय ना? त्यात शिवणारा नेहमी दोषी नसतो. सुतात पीळ जास्त असला तर निटचं कापड धुतल्यावर स्वतःच वळतं, नाहीतर कटिंगच्या वेळी तुकडे धाग्याच्या रेषेत ठेवले नसतात, कारण थोडे तिरके ठेवले की तेवढ्याच कापडात जास्त बसतात. आणि कोटाच्या पुढच्या भागावर जे फुगे येतात ते आतलं फ्युजिंग सुटल्यामुळे. चांगल्या कोटात आत कॅनव्हास असतो आणि तो टाक्यांनी धरलेला असतो, स्वस्तात उष्णतेने चिकटवलेलं अस्तर असतं आणि कधीतरी तो गोंद हार मानतो.

या सगळ्यात जिथे खरी कात्री लागते ती जागा म्हणजे कॉस्टिंगची, खर्च ठरवायची मीटिंग. डिझायनरने काढलेला कपडा बहुतेक वेळा ठीकच असतो. मग एकेक गोष्ट जाते, शिवणीची माया, म्हणजे शिवणीच्या आत सोडलेलं जास्तीचं कापड, अर्धी होते, अस्तर फक्त पाठीपुरतं उरतं, बटणाला दोन टाके कमी. एका कपड्यामागे अगदी किरकोळ बचत, पण लाखो नग शिवायचे असतात तेव्हा ती किरकोळ राहत नाही. माया गेल्याचं नुकसान लगेच दिसतही नाही, ते दिसतं चार वर्षांनी, अंग जरा भरलं आणि शिंप्याकडे कपडा सैल करायला नेला तर तो आत बघून म्हणतो, कापडच नाही सोडलेलं. कपडा धडधाकट, पण कपाटात पडून.

मग महाग घेतलं की टिकतं का? ब्रिटनमधल्या लीड्स युनिव्हर्सिटीत रॅप या कचरा कमी करण्यासाठी काम करणाऱ्या संस्थेसाठी ४७ टी-शर्ट तपासले होते आणि किंमत जास्त म्हणजे टिकाऊपणा जास्त असं काही निघालं नाही, काही स्वस्त टी-शर्ट महागांच्या पुढे गेले. पैसे कुठे गेलेत हे किंमत सांगत नाही, कापडात गेले की जाहिरातीत. दुसरा आकडा एलेन मॅकार्थर फाउंडेशनच्या २०१७ च्या रिपोर्टमधला, जगात एक कपडा टाकून देईपर्यंत जितक्या वेळा घातला जातो ते प्रमाण १५ वर्षांत ३६ टक्क्यांनी कमी झालं होतं. म्हणजे एवढा सगळा तंतू-टाक्यांचा हिशोब करून बनवलेला कपडाही फाटायच्या आधीच बाहेर जातोय, कंटाळा आला म्हणून, बसत नाही म्हणून. डिझायनरने यावर काय करावं? माया सोडावी, तेच कापड दुरुस्तीसाठी थोडं जास्तीचं द्यावं, झिप अशी लावावी की अस्तर न फाडता बदलता येईल. आणि छपाईत शहाणपणा दाखवण्यापेक्षा बेतण्यात दाखवावा, कारण बेत चांगला असेल तर कपडा कंटाळा यायच्या आधी सवयीचा होतो.

दुरुस्ती हीसुद्धा आता प्रेरणा झालीय बरं का. जपानच्या उत्तरेकडे कापूस मिळणं मुश्किल होतं तेव्हा गरीब शेतकरी घरांमध्ये फाटक्या कापडावर कापडाचे थर चढवून धावदोऱ्याने शिवत जायचे, त्याला बोरो म्हणतात, पिढ्यानपिढ्या तोच कपडा. आज ते तुकडे म्युझियममध्ये आहेत आणि डिझायनर तिथे जाऊन वह्या भरून आणतात. काहीजण त्यातून खरंच थर चढवून शिवायची रीत उचलतात, जिथे झिजतं तिथे आधीच दुहेरी कापड देतात. आणि काहीजण ठिगळाचा फोटो काढून तो नव्याकोऱ्या पातळ टी-शर्टवर छापतात, आणि तो दोन महिन्यांत बरोबर त्या छापील ठिगळाच्या शेजारी फाटतो.